गेलेला परवाना आणि परतीची वाट
(मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा, अपात्रता आणि श्वासाचे कुलूप : एक अभ्यास)

— बी. ए. द्वितीय वर्ष

प्रास्ताविक

वाहन चालविण्याचा परवाना म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आपल्यापैकी कोणास विचारला तर बहुतेक जण खिशातील एक छोटेसे कार्ड काढून दाखवतील. परंतु राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या कार्डाकडे जरा वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. परवाना हा मूलभूत हक्क नव्हे. ती शासनाने काही अटींवर दिलेली अनुज्ञा आहे. जे अटींवर मिळते ते अटी मोडल्यास जाते, हे ओघानेच आले. तथापि जे गेले ते परत कसे मिळवावयाचे आणि परत देताना समाजाने कोणती खात्री मागावी, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाच्या संदर्भात हा विचार करावयाचा आहे.

हा विषय दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. आपला भातकुली तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारे, ओलीत जेमतेम, आणि कपाशी, तूर, सोयाबीन यांचे सारे गणित पावसावर. ज्याला चार एकरांवर भागत नाही तो स्टेअरिंग धरतो. कोणी काळी-पिवळी चालवतो, कोणी ऑटो, कोणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजाने जातो, कोणी कापसाची गाडी जिनिंगपर्यंत नेतो. खोलापूर, आसरा, टाकरखेडा या बाजूने अमरावतीस शिकावयास व दवाखान्यात जाणारी माणसे यांच्याच भरवशावर असतात. अशा घरात परवाना हा जमिनीच्या सातबाऱ्याइतकाच मोलाचा कागद असतो. तो गेला की चूल मंदावते. आणि तो चुकीच्या हाती राहिला तर दुसऱ्याच कोणाच्या घरातील चूल विझते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हीच या प्रश्नातील अडचण होय.

गुन्हा केव्हा होतो ?

आपल्या देशात पूर्वी १९३९ चा मोटार वाहन कायदा होता. त्याच्या जागी १९८८ चा कायदा आला व तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या कायद्याचे कलम १८५ हे आपल्या विषयाचे मूळ. वाहन चालविणाऱ्याच्या किंवा चालविण्याचा प्रयत्न करणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा ठरतो. येथे तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की अपघात झालाच पाहिजे अशी अट नाही. गाडी सरळ रेषेत चालली असली, कोणास खरचटले नसले, तरी गुन्हा पूर्ण होतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोटारसायकल व ट्रॅक्टर हीही मोटार वाहनेच आहेत. बैलगाडी तेवढी या कलमातून सुटते. तिची वाट माहीत असणारे शहाणे बैल पुढे जुंपलेले असतात, हेही एक कारण म्हणावयास हरकत नाही. तिसरी गोष्ट, ‘प्रयत्न करणे’ हेदेखील गुन्ह्यात येते; गाडी फर्लांगभर गेली पाहिजे असे नाही.

तपासणीची रीतही कायद्याने घालून दिली आहे. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास वाजवी संशय आल्यास तो श्वास-विश्लेषक यंत्रात फुंकावयास सांगू शकतो (कलम २०३). अटक केल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसास सोडून द्यावे लागते (कलम २०२). कलम २०४ रक्ताच्या नमुन्याविषयी आहे. वाजवी कारणाशिवाय तपासणीस नकार दिला तर तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्यास बळ देणारा मानला जातो (कलम २०५). या मोजमापास एवढे महत्त्व का, याचे उत्तर महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका जुन्या खटल्यात मिळते. तोंडाला वास येत होता, चाल अडखळती होती, बोलणे असंबद्ध होते, एवढ्यावरून चालक नशेत होता असे निश्चित म्हणता येत नाही, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. म्हणजे डोळ्यांची साक्ष अपुरी, आकडा हवा.

आकड्यासंबंधी एक गैरसमज आपल्या गावांत घट्ट रुजलेला आहे. ‘रात्रीची सकाळी उतरते’ असे सर्रास म्हटले जाते. शरीरातील मद्यार्क सरासरीने दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी होतो. समजा, रात्री बारा वाजता एखाद्याच्या रक्तात १८० मिलिग्रॅम आहे. मर्यादा ३० ची. म्हणजे १५० मिलिग्रॅम जिरावयास हवे. त्यास सुमारे दहा तास लागतील. हा माणूस पहाटे सहाला थंड पाण्याने आंघोळ करून, लिंबू पिळून, काळा चहा घेऊन शाळेच्या मुलांची गाडी काढील तेव्हा त्याच्या रक्तात सुमारे ९० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट मद्यार्क असेल. लिंबाने वास जातो, नशा जात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, जे अपघात कानावर येतात त्यांमागे केवळ त्या दिवसाची नव्हे तर आदल्या रात्रीचीही दारू असू शकते.

शिक्षा आणि अपात्रता

२०१९ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, या गुन्ह्याची शिक्षा कडक केली. पूर्वी पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपयांपर्यंत दंड होता. आता सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेट नसल्याचे चालान जसे रस्त्यावर भरून मोकळे होता येते तसे येथे होता येत नाही. कलम २०० मध्ये तडजोडीने मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे, तीत कलम १८५ नाही. न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

पण दंडापेक्षा जड असते ती अपात्रता. ती दोन दरवाजांनी येते.

पहिला दरवाजा न्यायालयाचा. कलम २० (२) असे सांगते की कलम १८५ खाली दोषी ठरविणाऱ्या न्यायालयाने त्या माणसास परवाना धारण करण्यास अपात्र ठरविलेच पाहिजे, आणि ही मुदत सहा महिन्यांहून कमी असता कामा नये. न्यायाधीशास येथे दयेला वाव आहे तो सहा महिन्यांच्या वर. त्याच्या खाली नाही.

दुसरा दरवाजा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्या बोलीतील आर.टी.ओ. चा. कलम १९ खाली सराईत मद्यपी असलेल्या, किंवा ज्याच्या वाहन चालविण्यापासून जनतेस धोका आहे अशा माणसास हा अधिकारी, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन, अपात्र ठरवू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये अशी भर घातली की कलम १८५ चा गुन्हा झाला असे वाटल्यास अधिकार असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने परवाना ताब्यात घेऊन परिवहन अधिकाऱ्याकडे पाठवावा. तेथे पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या वेळी परवाना रद्द, अशी तरतूद आहे. याआधीही सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना असेच कळविले होते की मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यांचे परवाने किमान तीन महिने निलंबित करावेत.

अपात्रतेच्या काळात वाहन चालविले तर काय ? कलम १८२ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि खरा फटका त्याहून मोठा असू शकतो. अपात्र ठरलेल्या किंवा मद्यपान केलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीस जबाबदारी नाकारण्यासाठी तो मुद्दा न्यायाधिकरणापुढे मांडता येतो (कलम १५०). तसे झाले तर भरपाईचा बोजा शेवटी मालकाच्या व चालकाच्या डोक्यावर येऊ शकतो. खारपाणपट्ट्यातील चार एकर विकूनही तो बोजा फिटेल की नाही याची शंकाच आहे.

कोणी प्राणास मुकले तर प्रकरण मोटार वाहन कायद्याच्या पुढे जाते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण ठार झाले. अ‍ॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची शिक्षा दिली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन गाडी चालविताना काय होऊ शकते हे चालकास ठाऊक असते; म्हणून ‘हयगय झाली’ एवढेच म्हणून सुटता येत नाही, हे या निकालाचे सार होय.

परतीची वाट : कायदा काय सांगतो ?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे आळीत कोणाला सरकारी कागद आला की तो वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे येते. अशाच एका कागदानिमित्त एका वयस्क चालकाने मला विचारले होते, “पोरी, सहा महिने झाले, आता तं लायसन आपसूकच भेटीन ना ?” या लेखाचा अभ्यास त्या प्रश्नातून सुरू झाला. त्याचे उत्तर ‘आपसूक’ या शब्दापाशी अडते.

कायद्यात परतीच्या वाटेचे टप्पे साधारणतः असे आहेत.

(१) अपील. परिवहन अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांच्या आत ठरलेल्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात जाता येते. मात्र नुसते अपील दाखल केल्याने न्यायालयाची अपात्रता थांबत नाही; वरच्या न्यायालयाने तसा स्वतंत्र हुकूम द्यावा लागतो. ‘अपील टाकले आहे’ म्हणून गाडी काढणारा माणूस नवा गुन्हा करीत असतो.

(२) मुदतीपूर्वी अर्ज. कलम २३ (३) हे फार थोड्यांना माहीत असलेले कलम आहे. आदेशाच्या तारखेपासून सहा महिने उलटल्यानंतर, ज्या न्यायालयाने किंवा अधिकाऱ्याने अपात्र ठरविले त्याच्याकडेच अपात्रता दूर करण्याचा अर्ज करता येतो. सर्व परिस्थिती विचारात घेऊन तो आदेश रद्द करता येतो किंवा त्यात बदल करता येतो. अर्ज फेटाळला तर पुढचा अर्ज तीन महिन्यांच्या आत ऐकला जात नाही.

उदाहरण घेऊ. एखाद्यास १ जानेवारीच्या आदेशाने दीड वर्ष अपात्र ठरविले. जुलै महिन्यात त्यास अर्ज करता येईल. तो फेटाळला गेला तर आणखी तीन महिने उलटेपर्यंत दुसरा अर्ज चालणार नाही. उलट ज्यास किमान सहा महिन्यांचीच अपात्रता मिळाली आहे त्यास या कलमाचा उपयोग नाही, कारण अर्जाची वेळ येईपर्यंत मुदतच संपते. म्हणजे ही सवलत मोठ्या मुदतीच्या माणसासाठी आहे. पण अशी मुदत भोगणाऱ्या गरीब चालकास ती ठाऊकच नसली तर तिचा उपयोग कोणास?

(३) उजळणी प्रशिक्षण. परिवहन अधिकाऱ्याने निलंबित केलेला परवाना मुदत संपताच हातात पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने असे ठरविले आहे की चालकाने मान्यताप्राप्त संस्थेतून उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच परवाना परत मिळेल. ‘आपसूक’ला येथे कायद्याने नकार दिला आहे.

(४) शेऱ्यापासून मुक्ती. परवान्यावर झालेली नोंद नव्या परवान्यावरही उतरते. शेवटच्या नोंदीपासून सलग तीन वर्षे नवी नोंद झाली नाही तर शेरा नसलेला कोरा परवाना मागता येतो (कलम २५). या तीन वर्षांत अपात्रतेचा काळ धरला जात नाही. म्हणजे एक वर्ष अपात्र असलेल्यास प्रत्यक्षात चार वर्षे जपून राहावे लागेल.

आपल्या वयाच्या विद्यार्थ्यांनी घरातील लहान भावंडांसाठी लक्षात ठेवावी अशी आणखी एक तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलाने मोटार वाहनाचा गुन्हा केला तर कलम १९९ अ प्रमाणे पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही.

मधली जागा रिकामी आहे

वरील सारे टप्पे पाहिल्यावर एक उणीव जाणवते. कायदा माणसास एकतर पूर्ण थांबवतो, नाहीतर पूर्ण सोडतो. सहा महिने परवाना नाही. सातव्या महिन्यात परवाना आहे आणि देखरेख काहीच नाही. त्या सहा महिन्यांत त्याचे पोट गाडीवर असल्याने तो चोरून गाडी चालविण्याचा संभव मोठा; आणि सातव्या महिन्यात तो प्याला आहे की नाही हे नाकाबंदीवर नशिबाने गाठ पडली तरच कळावयाचे. कलम २३ (३) खाली अर्ज आला तरी न्यायाधीशापुढे काय असते ? ‘मी सुधारलो’ हे त्या माणसाचे बोलणे. त्यावर विश्वास ठेवावा तरी पंचाईत, न ठेवावा तरी पंचाईत.

ही रिकामी जागा भरण्यासाठी काही देशांनी जी युक्ती योजली तिला ‘इग्निशन इंटरलॉक’ म्हणतात. आपण तिला श्वासाचे कुलूप म्हणू.

श्वासाचे कुलूप

गाडीच्या चावीच्या यंत्रणेस एक फुंकणीचे यंत्र जोडलेले असते. चालकाने त्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. श्वासात ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक मद्यार्क असेल तर कुलूप उघडत नाही. आतील रचना रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहज कळेल. श्वासातील मद्यार्काचे प्लॅटिनमच्या विद्युतअग्रावर ऑक्सिडीकरण होते व त्यातून अल्पसा विद्युतप्रवाह निर्माण होतो. मद्यार्क जितका जास्त तितका प्रवाह जास्त. हा प्रवाह मोजून यंत्र निर्णय देते.

मनुष्यस्वभाव ओळखून त्यात पुढे अनेक सुधारणा झाल्या. गाडी सुरू करताना मित्राकडून फुंकून घेतले तर ? म्हणून चालू प्रवासातही अधूनमधून पुन्हा फुंकण्याची सूचना येते. तेव्हा इंजिन एकाएकी बंद पडत नाही, कारण भरधाव गाडी बंद पडणे हाच मोठा धोका. पण चुकल्याची नोंद होते व भोंगा वाजू शकतो. काही यंत्रांत फुंकणाऱ्याचे छायाचित्र घेणारा कॅमेराही असतो. प्रत्येक फुंकर तारीख-वेळेसह नोंदली जाते आणि ठराविक काळाने यंत्र केंद्रात नेऊन त्याची अचूकता तपासून घ्यावी लागते.

ही कल्पना अमेरिकेत १९६९ च्या सुमारास बोर्ग-वॉर्नर या कंपनीने यंत्ररूपात आणली. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये प्रायोगिक कायदा केला. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये, पहिल्याच गुन्ह्यापासून प्रत्येक दोषी चालकास हे कुलूप सक्तीचे केले. आज अमेरिकेच्या सर्व राज्यांत या ना त्या स्वरूपाचा असा कायदा आहे. आपली अनेक मराठी कुटुंबे ज्या कॅलिफोर्नियात स्थायिक आहेत तेथे १ जानेवारी २०१९ पासून अशी सोय झाली की पहिल्या गुन्ह्यातील चालक आपल्या गाडीस कुलूप बसवून घेऊन मर्यादित परवान्यावर कामाधंद्यास जाऊ शकतो. युरोपात निराळा मार्ग दिसतो. फिनलंडने २०११ पासून शाळकरी मुलांच्या वाहतुकीच्या गाड्यांना आणि फ्रान्सने २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांना हे कुलूप सक्तीचे केले. तेथे ते शिक्षा म्हणून नव्हे तर खबरदारी म्हणून आहे.

याचा उपयोग किती ? अमेरिकेत २०११ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. कुलूप बसविलेले असेपर्यंत त्याच गुन्ह्यात पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटते, असे त्यात दिसले. परंतु त्याच आढाव्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे : कुलूप काढल्यावर हा लाभ टिकत नाही. कुलूप गाडीस लागते. माणसाच्या ओढीस नाही.

आपल्या मातीत हे रुजेल काय ?

आपल्या मोटार वाहन कायद्यात कुलपाच्या अटीवर परवाना परत देण्याची योजना नाही. ती आणावी काय, याचा विचार करताना दोन्ही बाजू मांडणे योग्य होईल.

अडचणी उघड आहेत. आपल्याकडे घरोघरी मोटारसायकल; तिच्यावर असे यंत्र टिकविणे व बसल्या बसल्या फुंकणे सोपे नाही. रोजाने दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालविणाऱ्याने कुलूप कोणाच्या गाडीस लावावे ? मालक म्हणेल, तू नको, दुसरा बघतो. यंत्राचा व तपासणीचा खर्च कोणी सोसावा ? अमेरिकेत तो बहुधा दोषी चालकाकडूनच घेतात. येथे तसे केले तर पैसेवाल्यास कुलूप आणि गरिबास घरी बसणे, अशी विषमता होईल. शिवाय अचूकता तपासणारी केंद्रे तालुक्याच्या ठिकाणी नसतील तर यंत्र शोभेचे ठरेल.

तरीही एक गोष्ट या कल्पनेच्या बाजूने मोठी आहे. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्यानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला व प्रकरण न्यायप्रविष्ट झाले. त्याचा निर्णय न्यायालय देईल. पण सामान्य माणसाच्या मनात एवढे नक्की ठसले की नमुना घेणारा, नेणारा व तपासणारा या प्रत्येक हातावर कायद्याची भिस्त असते. कुलपाची नोंद त्या क्षणीच, गाडीतच होते. कलम २३ (३) खाली अर्ज करणाऱ्या चालकाने सहा महिन्यांची अशी स्वच्छ नोंद पुढे ठेवली तर न्यायाधीशास बोलण्यापेक्षा भक्कम आधार मिळेल, आणि प्रामाणिक माणसास आपले प्रामाणिकपण सिद्ध करण्याचे साधन मिळेल. आज त्याच्यापाशी असे कोणतेच साधन नाही.

म्हणून माझे नम्र मत असे आहे की सरसकट सक्ती न करता आरंभ शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांपासून करावा. तेथे बसणाऱ्यास चालक निवडण्याचा अधिकार नसतो. त्यानंतर ज्यांचे पोट व्यावसायिक परवान्यावर आहे अशा दोषी चालकांस, किमान मुदत भोगून झाल्यावर, उरलेल्या अपात्रतेच्या बदल्यात कुलपाचा पर्याय द्यावा, आणि गरजूंचा खर्च दंडाच्या रकमेतून भागवावा. यास कायद्यात दुरुस्ती लागेल, हे खरे; पण ‘परिस्थिती पाहून आदेशात बदल’ हे तत्त्व कायद्यात आधीच आहे.

कुलपाच्या पलीकडे

कुलूप काढल्यावर काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर यंत्रात नाही. वऱ्हाडाला हे कोणी परक्याने सांगावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले व संसार उघड्यावर पडला. लहानग्या डेबूस आईबरोबर मामाच्या गावी दापुऱ्यास जावे लागले. पुढे आयुष्यभर बाबांनी कीर्तनातून दारूवर जे कोरडे ओढले त्यामागे ही भोगलेली वस्तुस्थिती होती. यावलीच्या तुकडोजी महाराजांनीही ग्रामसुधारणेत व्यसनमुक्तीस मानाचे स्थान दिले. वर्धा नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, तर गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठविली गेली. बंदीने काय साधले यावर मतभेद आहेत व ते राहतील. पण व्यसन हा आजार समजून उपचार करण्याची वाटही महाराष्ट्रात आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे त्याचे ठळक उदाहरण. उजळणी प्रशिक्षणात रस्त्याची चिन्हे पुन्हा घोकून घेतली जातील. पण ज्याचा परवाना दारूने गेला त्यास चिन्हे ठाऊकच होती. त्यास उपचाराची व समुपदेशनाची जोड मिळाली पाहिजे.

समारोप

सारांश, परवाना काढून घेणे सोपे आहे आणि परत देणेही सोपे आहे. खात्री करून परत देणे अवघड आहे. आपल्या कायद्याने पहिले काम चांगले केले आहे. तिसऱ्या कामाची सुरुवात उजळणी प्रशिक्षणाने झाली आहे, पण ती अपुरी आहे. सहा महिने घरी बसलेल्या चालकाच्या बायकोस निंदणाला जाऊन घर चालवावे लागते, आणि सातव्या महिन्यात तो पुन्हा पिऊन निघाला तर रस्त्यावरच्या कोणाच्या तरी लेकराचा जीव धोक्यात असतो. या दोघींचे, त्या बायकोचे आणि त्या लेकराच्या आईचे, हित एकाच तराजूत घालावयाचे आहे.

तोपर्यंत आपण विद्यार्थ्यांनी करण्याजोगे एक काम आहे. कलम २३ (३), तीस दिवसांची अपिलाची मुदत, उजळणी प्रशिक्षणाची अट, तीन वर्षांनंतरचा कोरा परवाना या चार गोष्टी सोप्या मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर व ऑटो थांब्यावर लावता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर एवढे केले तरी पुष्कळ. कायदा पुस्तकात असतो तेव्हा तो वकिलाचा असतो. फलकावर आला की तो गावाचा होतो.